शनिवारच्या शेगडीतलं आभाळ

डिटेक्टर किंचाळला तेव्हा हेल्मी कोपरापर्यंत काजळीत होती.

सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगडीतले दगड दर तीन-चार वर्षांनी उपसावे लागतात. ठिसूळ झालेले फेकायचे, धड असलेले झटकून घ्यायचे, तळ्याकाठून नवे आणून भर घालायची. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते नेमानं हेल्मीच्या वाट्याला येतं. जूनची सकाळ होती. तळ्यावरून ओला वारा येत होता, डास नुकतेच उठून कामाला लागले होते, आणि सॉनाच्या दारात दगडांचा हा ढीग पडला होता. शेजारच्या पायवाटेनं एक उंच, सडपातळ तरुण कानाला हेडफोन लावून, धातू शोधणाऱ्या काठीची थाळी जमिनीवर फिरवत येत होता. त्यानं तिला पाहिलं नाही, तिनंही त्याला पाहिलं नाही. थाळी ढिगापाशी आली आणि अशी किंकाळी फुटली की हेडफोनबाहेर ऐकू आली.

तो दचकून मागे सरला. मागे राखेची बादली होती.

"अहो, जपून! ती आत्याची बादली आहे."

"माफ करा… मी…" एक पाय बादलीत, एक बाहेर, अशा अवस्थेत त्यानं हेडफोन काढला. "तुमच्या दगडांत काहीतरी ओरडतंय."

"आत लोखंडाची शेगडी आहे. तुम्ही तिच्या तोंडापुढे काठी नाचवलीत, ती ओरडेल नाही तर काय ओव्या म्हणेल?"

"शेगडी नाही." त्यानं थाळी दाराकडे नेली — आवाज मंदावला. ढिगाकडे आणली — पुन्हा किंकाळी. "हा. हा काळा."

हेल्मी हसली. "तो होय! तो आमचा म्हातारा."

लहान भोपळ्याएवढा तो गोळा एका अंगानं गंजाच्या पापुद्र्यांनी भरलेला होता आणि दुसऱ्या अंगानं काळा, सपाट, तुळतुळीत. घरात त्याला सगळे म्हातारा म्हणत. शेगडीच्या अगदी तळाला त्याची जागा. एकदा तापला की मध्यरात्रीपर्यंत धग सोडत नाही, अशी त्याची ख्याती.

"उचलून बघा ना," हेल्मी म्हणाली. तिच्या डोळ्यांतला खट्याळपणा त्या बिचाऱ्याला ओळखू आला नाही. तो एका हातानं उचलायला गेला आणि वाकला तो वाकलेलाच राहिला. मग त्यानं गळ्यातल्या दोरीला बांधलेलं लोहचुंबक पुढे केलं. खट्! चुंबक म्हाताऱ्याला असं चिकटलं की दोरीनं त्याची मान खाली ओढली गेली. तो तसाच राखेत बसला.

"बरं नाही का तुम्हाला?"

"मी तीन उन्हाळे," तो हळूच म्हणाला, "या दलदली तुडवतोय. डासांनी माझं निम्मं रक्त नेलंय. आणि तुम्ही… तुम्ही आभाळातून पडलेलं लोखंड शेगडीत घालून अंघोळी करताय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फरक इतकाच, की काख दुसऱ्याची होती.

त्याचं नाव माल्टे. देशाच्या दक्षिण टोकाचा, समुद्रकाठचा. एका वस्तुसंग्रहालयात अशनींचा अभ्यास करणारा. एल्लीआत्यानं त्याला व्हरांड्यात बसवलं, कॉफीत चीजचे तुकडे टाकून कप पुढे केला आणि चौकशी सुरू केली. हेल्मीचे आईवडील शहरात, या घरात आत्या-भाची दोघीच. त्यामुळे चौकशीचा मक्ता आत्याकडेच होता.

"हा गोळा पहिल्यापासून इथेच होता का?" माल्टेनं मधेच विचारलं.

आत्यानं ओठांचा चंबू केला आणि सुर्रकन श्वास आत ओढला. माल्टे अर्धवट उठला. "दम लागला का त्यांना?"

"हो म्हणतेय ती," हेल्मी म्हणाली. "आमच्याकडे हो म्हणायला तोंड उघडत नाहीत. थंडी आत जाते."

दक्षिणेत हे त्यानं ऐकलं होतं, पण पाहिलं नव्हतं. त्यानं तसंच करून बघितलं आणि चीजचा तुकडा घशात अडकून त्याला असा ठसका लागला की आत्याला पाठ थोपटावी लागली.

"माझ्या वडिलांना सापडला तो," आत्या म्हणाली. "या मागच्या बटाट्याच्या वावरात. नांगराचा फाळ मोडला त्यानं. वडील म्हणाले, फाळ मोडलास ना, आता जन्मभर राब. आणि घातला शेगडीत. सत्तर-एक वर्षं झाली. एक शनिवार चुकला नाही."

माल्टेनं कप खाली ठेवला. तो बोलायला लागला की त्याचे हात आधी बोलत. या भागात सापडतं ते सगळं लोखंड एकाच अशनीचं, तो सांगत होता. युगानुयुगांपूर्वी पडला, फुटला, बर्फानं तुकडे इकडेतिकडे वाहून नेले. मुओनि… मुओनिओना…

"मुओनिओनालुस्ता," आत्या म्हणाली. "नीट म्हण. जीभ भाजली का?"

"तेच. पण तुमचं गाव त्या पट्ट्यापासून बरंच बाजूला आहे. हा वेगळाही असू शकतो. वेगळा निघाला तर त्याला नवं नाव मिळेल."

"तुझं?"

"छे! माणसाचं नाव देतच नाहीत. सापडणाऱ्याचंही नाही. तो जिथे सापडला, तिथल्या सगळ्यात जवळच्या गावाचं नाव. जगभर हाच नियम आहे."

हेल्मीचा कप ओठांपाशी थांबला. "म्हणजे… लोम्पोला?"

"लोम्पोला."

आता हे सांगायला हवं, की लोम्पोला हे गाव होतं आणि नव्हतंही. घरं होती, पण बहुतेकांची दारं फक्त उन्हाळ्यात उघडत. वसंतात रस्ता नवा झाला तेव्हा गावाची पाटी काढली, ती परत लावलीच नाही. हेल्मीनं तालुक्याच्या कचेरीत फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, बाई, तुमच्या घरांचे पत्ते आता शेजारच्या गावात धरणार आहोत. एखादं नाव नकाशावर ठेवायला काही कारण लागतं. हेल्मी लोम्पोला असं जिचं नाव, तिला हे सांगावं! तिनं त्याच दिवशी पाइनची फळी तासली, निळ्या रंगानं नाव काढलं आणि फाट्यावर ठोकली. कचेरीनं पत्र पाठवलं, बेकायदा पाटी काढा. तिनं पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बियाणांची यादी केली.

"कापा," ती म्हणाली.

"काय?"

"म्हाताऱ्याला. कापून बघा काय निघतंय ते. माझ्या गावाला कारण हवंय."

तिच्या कपाळावर काजळीचा पट्टा होता, आणि डोळे असे रोखलेले की माल्टेला नकार आठवेचना. आत्या मात्र त्याला असा सुटू देणारी नव्हती. म्हातारा नेताय तर त्याच्या जागी दगड कोण आणणार? चांगले गोल, काळे, न फुटणारे, तळ्याच्या पलीकडच्या काठचे. तू आण, पोरा. शेगडी भरली की मग करवत.

म्हणून माल्टे रोज येऊ लागला.

होडी हेल्मी वल्हवायची, दगड माल्टे उचलायचा. हा नको, याला चीर आहे. तो नको, तो चपटा आहे. दोन दगड एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत वाजले पाहिजेत. तो तिचं ऐकायचा आणि मधेच दगडांऐवजी तिच्याकडेच बघत राहायचा. एकदा असाच बघत असताना त्याचा पाय शेवाळावरून सुटला. हेल्मीनं त्याची कॉलर धरली.

"अरे, पडशील!"

तो सावरला. मग हळूच म्हणाला, "अरे म्हणालीस."

"पडणाऱ्याला अहो म्हणायला वेळ नसतो."

"मग मी रोज पडत जाईन."

"तळं खोल आहे," ती म्हणाली आणि वल्ह्याकडे वळली. कान लाल झालेले त्याला दिसू नयेत, एवढ्यासाठीच वळली.

त्या दुपारी ऊन असतानाच पाऊस आला. भुरभुर, पिठासारखा. दोघं सॉनाच्या वळचणीला उभी राहिली. जागा एकाचीच होती. दोघांनी ती पुरवली. त्याच्या ओल्या स्वेटरला लोकरीचा आणि डास पळवायच्या तेलाचा वास येत होता, आणि हेल्मीला तो वास चक्क आवडला. माल्टेनं खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पातळ काप काढला. चकचकीत लोखंड, आणि त्यावर एकमेकींना छेदत गेलेल्या बारीक बारीक रुपेरी रेषा. टोपली विणावी तशा.

"कुणी कोरल्या?"

"कुणीच नाही. आतूनच आहेत. हे लोखंड आभाळात थंड होत होतं, शेकडो-हजारो वर्षांत कुठे एखादा अंश. इतकं सावकाश, की लोखंडाला आणि त्यातल्या निकेलला आपापली जागा शोधायला वेळ मिळाला. घाई झाली असती तर एकही रेषा उमटली नसती."

"आणि तू याच्यासाठी वेडा झालास?"

"शाळेत असताना. एका प्रदर्शनात हातात दिला होता कुणीतरी. पृथ्वीवर असं लोखंड कुठल्याच भट्टीत होत नाही, हेल्मी. लोक म्हणतात मी दगडांच्या मागे लागलोय. मी… सावकाश होणाऱ्या गोष्टींच्या मागे आहे."

"बरं झालं सांगितलंस," ती पावसाकडे बघत म्हणाली. "नाहीतर मला वाटलं होतं तुला नुसता उशीर होतोय."

तो गोंधळला. दक्षिणेच्या माणसाला असलं बोलणं कळायला थोडा वेळ लागतो. कळलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि ती होडीकडे निघाली होती.

वाऱ्याबरोबर बातमीही पसरली. एक दिवस म्युनिकचे एक संग्राहक मोटार घेऊन दारात हजर. पांढरे सुती हातमोजे, नाकावर सोनेरी चष्मा. म्हाताऱ्यासमोर ते गुडघ्यांवर बसले, त्याच्या खळग्यांतून बोट फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खोटं नव्हतं ते पाणी. आभाळातून पडताना ज्यांची कातडी वितळली, पण ज्यांना अजून कुणी करवत लावली नाही, अशा वस्तू ते आयुष्यभर जमवत आले होते. "कापू नका याला," ते म्हणाले. "पाप आहे ते. माझ्याकडे द्या. काळ्या मखमलीवर ठेवीन, वाटेल ते देईन."

"शेजारी कार्डावर काय लिहाल?" हेल्मीनं विचारलं.

"मुओनिओनालुस्ता. लोकांना तेच नाव ठाऊक आहे."

"लोम्पोला नाही?"

"ते कुठे आलं?" त्यांनी भाबडेपणानं विचारलं.

"तुम्ही उभे आहात तिथे," हेल्मी म्हणाली, आणि त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आली. आत्यानं जाताना त्यांना चीज बांधून दिलं, कारण पाहुणा तो पाहुणा.

शेगडी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी म्हाताऱ्याला व्हॅनमध्ये घालून तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये नेलं. हेल्मी हिवाळ्यात शाळेच्या मुलांची ने-आण करते, ती व्हॅन. माल्टेनं गंजलेली बाजू टाळली आणि काळ्या, स्वच्छ बाजूचा अंगठ्याएवढा काप काढला. मग व्हरांड्यात बसून त्यानं तो घासला — जाड कागद, बारीक कागद, त्याहून बारीक — तोंड दिसेपर्यंत. हेल्मीनं त्यात आधी स्वतःचं तोंड पाहिलं, मग त्याचं. काचेच्या वाडग्यात रेषा उठवायचं ॲसिड आणि अल्कोहोल. कुंचला. तिघंही वाकली.

काप करडा झाला. आणखी करडा झाला. रेषा आली नाही.

माल्टेनं पुन्हा घासलं, पुन्हा कुंचला फिरवला. काहीच नाही. नव्या कोऱ्या पत्र्यासारखा काप.

"म्हणजे काय?" हेल्मीनं विचारलं. "आभाळाचा नाही?"

"आभाळाचाच. पण…" त्याचा चेहरा पडला होता. "सत्तर वर्षं आग. लोखंड तापत राहिलं, रेषा पुसल्या गेल्या. रेषा रुंद असत्या तर नवा, बारीक असत्या तर तो जुनाच. आता कुणाशी ताडून बघू?"

आत्या रिकामे कप उचलायला लागली. वडिलांच्या हातून झालेली चूक लेकीनं बोलून दाखवायची नसते. आणि चूक तरी कसली? वजनदार, न फुटणारा, धग धरणारा दगड सापडला तर लोम्पोलाचा माणूस तो आणखी कुठे ठेवणार?

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. काही झालं तरी शनिवारी शेगडी पेटते. आधी बायकांची पाळी झाली, मग माल्टे एकटा आत गेला. हेल्मी बाहेरच्या पायरीवर ओले केस पुसत बसली. मधे एक लाकडी भिंत.

"पाणी टाकलंस का दगडांवर?"

"टाकलं."

"किती?"

"अर्धं ओगराळं."

"तेवढ्यानं दगडांना शिंकसुद्धा येणार नाही."

आत चर्रर्र आवाज झाला, मग खोकला. "हेल्मी… रागावलीस?"

"तुझ्यावर? नाही. आगीवर रागावलेय."

"मी कुठे बसलोय माहीत आहे?"

"खालच्या पायरीवर. तिथे आमची लहान पोरं बसतात. वर चढ."

फळ्या करकरल्या. "आई गं… डोकं भाजलं! आणि पाय गारच आहेत. हे काय आहे?"

"सॉना आहे. डोक्याला वैशाख, पायाला पौष."

आत शांतता. इतकी लांबली की हेल्मीनं भिंतीवर टकटक केलं. "माल्टे? जिवंत आहेस ना?"

दार धाडकन उघडलं. कमरेला टॉवेल, अंग उकडलेल्या खेकड्यासारखं लाल, आणि अंगातून वाफा. "म्हाताऱ्याची कुठली बाजू खाली असायची?"

"आधी टॉवेल नीट धर. सपाट बाजू. दुसऱ्या बाजूनं ठेवला तर डुगडुगतो."

"म्हणजे सपाट बाजू आगीवर. वरच्या बाजूला पाणी, म्हणून तिकडे गंज! आणि मी शहाणा, स्वच्छ दिसते म्हणून नेमकी आगीकडची बाजू कापली. हेल्मी, याचं डोकं भाजलं नसेल! याचे… म्हणजे उलट… पाय भाजले असतील, डोकं शाबूत असेल!"

तो टॉवेल सावरत तळ्याकडे पळाला आणि पाण्यात कोसळला. हेल्मी पायरीवर पोट धरून हसत होती, आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं की या माणसावर आपलं प्रेम बसलंय. बसलं तर बसलं, ती मनाशी म्हणाली. तिच्या स्वभावात दोन मतं नसतात.

सोमवारी गंजाच्या बाजूचा काप निघाला. त्याच दुपारी तोच व्हरांडा, तोच वाडगा. कुंचला फिरला… आणि रेषा आल्या. आधी एक, मग तिला छेदणारी दुसरी, मग सगळीकडून, जणू वाट बघत थांबल्या होत्या. हेल्मीनं टाळी वाजवली. दोघांची डोकी एकमेकांना लागली होती, आणि म्हणूनच तिला कळलं की माल्टेचा श्वास थांबलाय.

"सांग."

"सुंदर आहेत."

"माल्टे. सांग."

"बारीक आहेत." त्यानं खिशातला मुओनिओनालुस्ताचा काप शेजारी ठेवला. विणकाम एकच होतं. "त्यांच्याइतक्याच. रासायनिक तपासणी करीन, पण… जुनाच आहे हा. त्याला त्याचं नाव आधीच आहे."

आत्यानं दोन्ही काप निरखले. "थोड्या जाड आहेत असं लिहिलंस, तर कोण येणार आहे मोजायला, पोरा?"

किती सोपं होतं ते! माल्टेनं हेल्मीकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही, आणि होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"आत्या, तसं लिहिलं तर त्या नावाकडे मला कधी सरळ बघता येणार नाही. आणि… हेल्मीकडेही."

हेल्मी उठली, होडीत बसली आणि तळ्याच्या मधोमध जाऊन थांबली. तिला त्याचा राग आला होता. तो खोटं बोलला असता तर त्याहून जास्त राग आला असता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यामुळे तर रडूच आलं.

माल्टेची सुट्टी संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाट्यावर, निळ्या पाटीखाली, पाठीवरची पिशवी पायाशी ठेवून बसची वाट बघत होता. तेवढ्यात रस्त्यावर खडखडाट झाला. हेल्मी एक चाकाची हातगाडी ढकलत येत होती. केस विस्कटलेले, गालावर दोन डास, आणि गाडीत म्हातारा.

"मधे काय आहे?" ती धापा टाकत म्हणाली.

"कशाच्या?"

"याच्या! एका टोकाला रेषा आहेत, दुसऱ्या टोकाला पुसल्यात. मग त्या संपतात कुठे? हळूहळू विरतात, की एकदम तुटतात? रात्रभर तेच डोक्यात आहे."

"माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

माल्टे हातगाडीवर वाकला. "नीट कुणालाच नाही. प्रयोगशाळेत भट्टीत घालून बघतात, काही दिवस, फार तर काही आठवडे. सत्तर वर्षं कोण कशाला…" तो थांबला.

"आम्ही," हेल्मी म्हणाली. "दर शनिवारी. बर्चचंच लाकूड, तेवढीच आग, तीच बाजू खाली. आत्याला विचार, हवं तर शपथेवर सांगेल. सावकाश होणाऱ्या गोष्टींच्या मागे आहेस ना तू? घे. याच्याइतकी सावकाश गोष्ट दुसरी दाखव मला."

तो म्हाताऱ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "हेल्मी… त्यासाठी याला आरपार कापावं लागेल. दोन तुकडे. मग कुठलाही संग्राहक याला हात लावणार नाही."

"कार्डावर माझं गाव न लिहिणाऱ्यानं हात लावूही नये."

बस आली. चालकीणबाईनं खिडकीतून दोघांकडे आणि हातगाडीकडे पाहिलं. "काय ते ठरवा. चढायचंय का, की इथेच संसार मांडायचाय?"

दोघांनी मिळून म्हाताऱ्याला सामानाच्या कप्प्यात ढकललं. माल्टे पायरीवर चढला आणि वळला. "मी वचन देतो, की…"

"वचन नको. काम कर."

"आणि मी परत आलो तर… चालेल?"

हेल्मीनं ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला. माल्टेला तिला त्याच भाषेत उत्तर द्यायचं होतं. त्यानंही श्वास ओढला, ठसका लागला, दार बंद झालं, आणि बस त्याला खोकत खोकत घेऊन गेली.

मग अंधाराचे महिने आले. रस्त्यावरचं बर्फ सारणाऱ्या नांगरानं निळी पाटी मोडली, हेल्मीनं ती जोडून पुन्हा ठोकली. कचेरीचं आणखी एक पत्र आलं, त्या कागदानं तिनं शेगडी पेटवली. माल्टेचा फोन यायचा तेव्हा तो यंत्रांविषयी बोलायचा, आणि बोलून झाल्यावर फोन ठेवायचा नाही. दोघं नुसती ऐकत बसायची, इकडे लाकूड तडतडायचं, तिकडे दक्षिणेचा पाऊस. "बोलत का नाहीस?" ती विचारायची. "थंड होतोय," तो म्हणायचा. "सावकाश." तिला हसू यायचं, आणि फोन ठेवल्यावर घर मोठं वाटायचं. कधीकधी वाटायचंही, की आपण त्याला दगड दिला आणि त्याला तेवढाच हवा होता. मग ती फावडं घेऊन अंगणातलं बर्फ उपसायची, विचार जाईपर्यंत.

मार्चमध्ये बर्फ कडक झालं आणि ऊन परतलं, तेव्हा एका शनिवारी बस फाट्यावर थांबली. हेल्मी पाटीवरचं हिम झटकत होती. माल्टे उतरला. हातात एक अवजड पेटी, नाक लाल.

"पुन्हा दगड आणलास?"

"निम्मा. शेगडीसाठी. आत्याला फोनवर शब्द दिला होता." त्यानं पेटी बर्फावर ठेवली आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक लांबट काप काढून तिच्या हातात दिला. उन्हात तो झळाळला. एका टोकाला दाट विणलेल्या रेषा. पुढे त्या मऊ होत गेलेल्या, उन्हात धुकं विरावं तशा. मग एकेक करून नाहीशा. आणि दुसरं टोक कोरं.

"हळूहळूच विरतात," हेल्मी पुटपुटली.

"हळूहळूच. असं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. पाच देशांतून पत्रं आली. प्रत्येक जण या मधल्या भागाविषयी विचारतोय. त्याला काही नाव नव्हतं, म्हणून निबंधात मी नियम पाळला." त्यानं छापील पानं पुढे केली. "दगडाचं नाव जुनंच आहे, हेल्मी. ते मला बदलता येणार नाही. पण हा मधला भाग जगात जिथे कुठे सापडेल, तिथे त्याला आता लोम्पोला पट्टा म्हणतील."

हेल्मीनं पानावरचं नाव वाचलं. मग हातमोजा काढून बोटानं वाचलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि थंडीनं गालावरच थांबलं.

"म्हणूनच काल कचेरीतला तो माणूस फोनवर इतका गोड बोलत होता!" ती नाक पुसत म्हणाली. "कुणीतरी परदेशातून विचारलं म्हणे, लोम्पोला नकाशात कुठे आहे. आत्याला विचारत होता, पाटी कुठे लावू."

"काय म्हणाली आत्या?"

"म्हणाली, आहे तिथेच. आणि निळा रंग चांगला आण."

दोघं हसली. मग हसू संपलं. माल्टे पायानं बर्फ उकरू लागला. तो काही बोलणार, असं त्याच्या हातांवरून दिसत होतं, पण त्याच्या गतीनं वाट बघायची तर उन्हाळा उजाडला असता. हेल्मीनं काप नीट रुमालात गुंडाळला आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"माल्टे, तो नियम परत सांग."

"कुठला?"

"नाव द्यायचा."

"जे जिथे सापडतं… तिथल्या सगळ्यात जवळच्या गावाचं नाव."

"आणि तू मला कुठे सापडलास?"

"राखेच्या बादलीत," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाला तो, सॉनात झाला होता तसा.

"माझं आडनाव तुला ठाऊक आहे," हेल्मी म्हणाली. आवाज कापत होता, पण तिनं तो कापू दिला आणि बोलत राहिली. "मोठं आहे. दोघांना पुरेल. मला तू हवा आहेस, माल्टे, दगडासकट आणि दगडाशिवायही. घेशील हे नाव?"

माल्टेनं तिच्याकडे पाहिलं, वरच्या निळ्या पाटीकडे पाहिलं. मग त्यानं ओठांचा चंबू केला आणि थंडगार हवेचा एक लांब श्वास सुर्रकन आत ओढला. या वेळी त्याला ठसका लागला नाही.